पायरी दिसली नाही

दुपारी घर निजलेलं असताना डब्याचं झाकण माझ्या हातातून सुटलं. फरशीवर आपटून ते ओट्याखाली गेलं आणि तिथे गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं. ते थांबायची वाट पाहत मी उभी होते. पलीकडच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "काय पडनं वं?" काही नाही, झाकण, असं मी म्हणेपर्यंत ध्रुवी उठून आलीसुद्धा. केस विस्कटलेले, गालावर चटईचे वळ. ओट्याखाली पोटावर सरपटत गेली, झाकण काढलं, फ्रॉकला पुसलं आणि माझ्या डाव्या हातात दिलं. उजव्या हातात द्यायचं नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

"मला हाक मारत जा ना मम्मी. मी उचलते."

मी तिला जवळ ओढायला गेले तर ती मागे सरकली. म्हणाली, मी आता मोठी झाले. पाच वर्षांची पोर. वकिलांच्या ऑफिसातून आल्यापासून ती माझ्या कडेवर येत नाही, मांडीवर बसत नाही. तिचा बाप धीरज शेतातून आला की आधी त्याच्या खांद्यावर चढायची, तेही बंद. तिच्या मनात काय बसलंय ते मला ठाऊक आहे. ते काढायचं कसं, ते ठाऊक नाही.

माझा हात मोडला तो यंदाच्या नाही, गेल्या वर्षीच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला. आखाजीच्या आदल्या दिवशी शहाद्याचा बाजार असा भरलेला असतो की पाय ठेवायला जागा मिळत नाही. माहेरी आलेल्या लेकी, त्यांच्या पोरी, बांगडीवाले, आंब्याच्या हातगाड्या. आम्ही तापीकाठच्या गावाहून बसनं आलो होतो. ध्रुवीला पिवळा फ्रॉक हवा होता. जवरीलाल शेठच्या दुकानात तिच्या मापाचा मिळाला नाही. सासूबाईंसाठी चोळीचा खण तेवढा घेतला आणि निघालो. गर्दीत तिचे पाय तुडवले जातील म्हणून तिला डाव्या कडेवर घेतलं होतं. पिशवी उजव्या हातात.

दुकानाला त्या दिवशीच नवी पायरी बसली होती. काळ्या ग्रॅनाइटची, तोंड दिसावं अशी. सकाळी तिची पूजा झालेली. नारळ फोडला होता, समई लावली होती. समईचं तेल पायरीवर सांडलं होतं. नव्या दगडाला डाग नको म्हणून ते कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं होतं, आणि दगड आणखीच चकाकला होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पाय माझा राहिला नाही. पडता पडता मी उजव्या कुशीवर वळले, पोर वर राहावी म्हणून. कोपर पायरीच्या धारेवर बसलं. ध्रुवीला खरचटलंसुद्धा नाही. ती माझ्या छातीवर होती आणि माझ्या तोंडाकडे बघून हसत होती, तिला वाटलं मी मुद्दामच केलं.

चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात हाडात पट्टी घातली. डॉक्टर भले होते. हाड जुळेल म्हणाले, पण सांधा फार चुरलाय, पुढे आणखी एक ऑपरेशन लागेल. ते वेळेत झालं तर हात बराचसा सरळ होईल, फार दिवस जाऊ दिले तर आहे तसाच आखडून राहील. आहे तसा म्हणजे घास तोंडापर्यंत जात नाही तसा. भाकरी थापता येत नाही, माझी भाकरी सासूबाईंनी पुन्हा आपल्या हातात घेतली. ध्रुवीची वेणी धीरज घालतो. विहिरीवरच्या मोटारीचा दोर वळावा तशी घालतो आणि शाळेत पोरी तिला हसतात. तरी ती बापाला काही सांगत नाही.

जवरीलाल शेठ दवाखान्यात आले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बरोबर पतासीबाई, त्यांच्या घरच्या. खाटेजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी माझ्या पायांकडे बघत सांगितलं, "तेल माझ्याच हातून सांडलं, हात थरथरतो आताशा. मुलाला म्हटलं पोतं टाक, तर पोतं बरं दिसत नाही म्हणाला." सासूबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "शेठ, देवनं तेल व्हतं ते, देवना दिवा व्हता. तुमना काय दोष?" म्हाताऱ्यानं हात जोडले. मला तेव्हा त्यांचा राग आला नाही. आजही येत नाही, हीच पंचाईत आहे.

दिवाळीत ते गावात आले. मुलगा पारस गाडी चालवत होता. आमच्या अंगणात, आळीतली माणसं जमलेली असताना, शेठनी माझ्या पुढ्यात साडी-चोळी ठेवली. म्हणाले, आजपासून ही माझी लेक. आमच्याकडे असं कुणी म्हटलं की बाईनं नाही म्हणायचं नसतं. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेऊन मला पुढे केलं. मी एका हातानं साडी छातीशी धरली, वाकून पाया पडले. पारसनं मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, "जरा हसा ना." मी हसले. जाताना सासूबाईंनी गाडीत दादर ज्वारीचं पोतं आणि केळीचा घड ठेवला, लेकीच्या सासरहून जावं तसं. शेठ गाडीत बसताना धीरजला म्हणाले की ऑपरेशनची काळजी करू नका, बाप बसलाय.

ध्रुवी त्यांना नाना म्हणायला लागली. मीही मनातून फुलले होते. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. साडीच्या घडीवर हात फिरवताना मला वाटे, हात मोडला पण बाप मिळाला.

डॉक्टरांनी दुसऱ्या ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा धीरज दुकानात गेला. शेठ घरी झोपले होते, गल्ल्यावर पारस होता. त्यानं चहा मागवला, चहा पिऊ दिला आणि मग विचारलं की आता काय राहिलं? बाबूजींनी साडी-चोळी केली ना? तुमच्या लोकांत त्याच्यानंतर बोलणं संपतं, मला ठाऊक आहे. लेक बापाच्या दुकानात येते ती साडी घ्यायला येते, भरपाई मागायला नाही.

धीरज हे सांगत असताना भिंतीकडे बघत होता. आपला माणूस एवढ्याशा आवाजात बोलायला लागला की घरातल्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात.

मग नंदुरबारला करणसिंग वकिलांकडे गेलो आणि ग्राहक आयोगात तक्रार केली. खणाची पावती होतीच. पायरीचा फोटोही दुकानासमोरच्या कुणी काढलेला मिळाला. गावात मात्र तक्रार कुणी म्हटलं नाही, केसच म्हटलं. नळावर बायका मला ऐकू जाईल असं बोलत, "लुगडं नेसनी बापनं, आते बापवर केस करी ऱ्हायनी." सासूबाई घरात तेच बोलत, फक्त हळू. साडी मी एकदाही नेसले नव्हते. नेसायला दोन हात लागतात, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

परवा दुकानाकडून लेखी जबाब आला. धीरजला केळीचा माल भरायचा होता, म्हणून मीच ध्रुवीला घेऊन नंदुरबारला गेले. करणसिंग वकील मोठ्या मिशांचे, रुंद माणूस, बोलण्यात मजा असते त्यांच्या. मला बघून म्हणाले, "ताई, पायरीनं तुमचा हात मोडला, आणि साडीनं माझी केस." जबाबाबरोबर फोटो जोडला होता. अंगण, शेठ, साडी छातीशी धरून हसणारी मी. वाद आपसात मिटला असून तक्रारदार हिने तो आनंदाने मिटवला आहे, असं खाली लिहिलं होतं. मी फोटोतल्या त्या बाईकडे बघत राहिले. फार खूश दिसत होती.

हे आपण खोडून काढू, वकील म्हणाले, साडी म्हणजे भरपाई नव्हे. पुढचं जरा अवघड आहे. आणि त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, वकील वाचतात तसं, सपाट आवाजात.

"तक्रारदार हिने सुमारे चार वर्षे वयाचे मूल कडेवर घेतले असल्याने तिला पायरी दिसली नाही व सदर मुलाच्या वजनाने तिचा तोल जाऊन ती पडली. त्यास सामनेवाले जबाबदार नाहीत."

ध्रुवी खिडकीच्या काचेवर बोटानं फूल काढत होती. तिचं बोट थांबलं. वकिलांनी वर बघून विचारलं की मूल म्हणजे ही का, आणि टेबलावरच्या पुड्यातलं बिस्किट तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं नाही. मला तेव्हाही वाटलं, लाजली असेल. कागदातली भाषा पोरीला काय कळणार.

पण वजन तिला कळतं. शाळेत काट्यावर उभं करतात त्यांना.

परत येताना बस खचाखच भरलेली. एकाच सीटवर अर्धी जागा मिळाली. मी म्हटलं, ये, मांडीवर बस. ती म्हणाली, नको, मी जड आहे. आणि शहादा येईपर्यंत दांड्याला धरून उभी राहिली.

जबाबात खोटं किती नि खरं किती, हे मी रात्रंदिवस मोजत बसत नाही, बसले तर वेडी होईन. तेल होतं. पोतं नव्हतं. आणि पोर कडेवर असली की पायाखालचं दिसत नाही, हेही आहे. कुठल्या आईला दिसतं? आपण दगडावर विश्वास ठेवून पाय टाकतो. मग तो विश्वास कुणाच्या खात्यात लिहायचा, ते आयोगानं ठरवायचं. पण ते ठरेपर्यंत तारखा पडत राहणार, दर तारखेला हे वाक्य वाचलं जाणार, आणि ती मोठी होणार. उद्या वाचायला शिकेल.

वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. साडी परत करा, पोस्टानं रजिस्टर करून पाठवा, पावती जपून ठेवा. आणि म्हातारा तेल सांडल्याचं लिहून देतो का बघा. तो म्हणाला तर सगळंच फिरेल.

साडी परत करायची म्हटल्यावर सासूबाई पेटीवरच बसून राहिल्या. "लुगडं कोनी परत करस का, माय? माणूस मरी जाय तरी लुगडं परत जात नाही." मी वाद घातला नाही. फक्त जबाबातलं ते वाक्य त्यांना सांगितलं, सोप्या शब्दांत. त्यांना दोनदा सांगावं लागलं. ऐकून त्या उठल्या, पेटीच्या दोऱ्या सोडल्या. साडी वर काढून त्यांनी तिच्यावरचं वर्तमानपत्र नीट केलं.

"मन्ही नातनं नाव कागदवर कसाले?" एवढंच म्हणाल्या. "जाय. दी ये."

पोस्टानं पाठवायला माझं मन धजेना. ज्या माणसानं चारचौघांत लेक म्हटलं त्याला पोस्टमनकडून साडी पाठवायची? मी स्वतःच गेले. ध्रुवीला नेणार नव्हते, पण ती माझ्या पिशवीचा बंद धरून बसली. तुला ओझं उचलता येत नाही, म्हणाली.

दुकानाच्या त्या पायरीवर आता काथ्याची जाड पायपुसणी टाकली आहे. बाजूला स्टीलचा कठडा बसवला आहे, हात ठेवायला. मी कठड्यावर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला. आत पारस गिऱ्हाइकांना कापड उलगडून दाखवत होता. त्यानं मला बघितलं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं चालूच ठेवलं. शेठ मागच्या बाजूला पांढऱ्या गादीवर बसले होते. मला बघून उठायला लागले, मी म्हटलं, बसा.

पिशवीतली साडी मी गादीवर ठेवली. त्यांना ती ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी हात पुढे केला, साडीवर ठेवला. हात थरथरत होता म्हणून वर्तमानपत्र बारीक वाजत होतं.

मी ठरवून गेले होते की तेलाचं विचारायचं. हाताचं विचारायचं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"शेठ, बाकी काय लिहायचं ते लिहा. मी हसले म्हणा, मी मिटवलं म्हणा. पण पोरीचं काढा त्यातनं."

ते पुढे वाकले. मग हळूच, पारसला ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात म्हणाले की मी वाचलंय ते. पारसचा वकील म्हणतो, टिकण्यासारखं तेवढंच एक आहे. ते नाही काढणार. तू केस मागे घेतलीस तर मात्र कागदच संपतो, मग ते वाक्यही संपलं.

मी विचारलं, आणि तेलाचं? तुम्ही दवाखान्यात बोलला होता ते?

त्यांनी कडेला बसलेल्या मुनीमाकडे पाहिलं, मग पारसकडे, मग साडीकडे. "बेटा, त्याच जबाबात माझ्याबद्दलही लिहिलंय. म्हातारपणामुळे यांना काही आठवत नाही." ते हसल्यासारखं करायला गेले. "पोटच्या पोरानं लिहून दिलंय. मी आता कुणापुढे जाऊन काय आठवणार?"

मला येऊ लागलेला राग तिथेच खाली बसला. तो बसायला नको होता, हात माझा आखडत चाललाय. पण गादीवरचा तो म्हातारा आणि माझ्या मागे उभी असलेली पोर, दोघांना एकाच कागदात घातलंय, हे मला त्या क्षणी दिसलं. एकाला विसरभोळा करून, दुसरीला जड करून.

मग शेठ अचानक ध्रुवीकडे वळले. "तुला पिवळा पाहिजे होता ना? बाहीला झालर असलेला. त्या दिवशी तुझ्या मापाचा नव्हता." त्यांनी मुनीमाला वरच्या फळीवरून काढायला सांगितला. मी नको नको म्हणेपर्यंत फ्रॉक खाली आलासुद्धा. पिवळा, झालरीचा. गेल्या वर्षीच्या गर्दीतली एक पोर आणि तिची झालर. सगळं आठवत होतं त्यांना.

ध्रुवीनं फ्रॉककडे पाहिलं. दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको, नाना."

पारस लांबूनच म्हणाला, "घे गं, कोणी फोटो काढत नाही." गिऱ्हाईक हसलं. तिलाही हसावं लागतंय की काय म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिचा हात धरला आणि निघाले. साडी तिथेच राहिली. पावती मागायची होती, मागितली नाही. दारातून मी वळून पाहिलं तर शेठनी फ्रॉक साडीवर ठेवला होता, घडी मोडू नये असा, आणि त्याच्यावर हात धरून बसले होते.

पायरी उतरताना ध्रुवीनं माझा हात सोडला. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एक पाय खाली, मग दुसरा, अशी उतरली. खाली उभी राहून तिनं मागे वळून मला नीट बघितलं, मी उतरते का ते. मी उतरल्यावरच ती चालू लागली.

स्टँडपर्यंत बरंच अंतर आहे. भाद्रपदातलं ऊन, रस्त्यावर शेंगांच्या टरफलांचा चिखल. तिचे पाय ओढत होते. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. केळीवाल्या बाईच्या गाडीपाशी मी खाली बसले, पिशवी उजव्या खांद्याला अडकवली आणि डावा हात पसरला. हा हात चांगला आहे, मी म्हटलं. ह्याला काही झालेलं नाही. ये माझं सोनं, थोडंसंच, स्टँडपर्यंत.

ती जवळ आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाय उचलायला गेली आणि थांबली. तिच्या घामाचा वास, धीरजनं घातलेली ती दोरासारखी वेणी सुटत आलेली. माझ्या डोक्यात शेठचं वाक्य फिरत होतं. कागद संपला तर वाक्य संपलं. हात असाच राहील, राहू दे. किंवा नाही, का राहू द्यायचा? ह्याच हातावर पडून तिला वाचवलं होतं ना. तारीख पुढच्या आठवड्यात आहे. केस चालवायची की मागे घ्यायची, ते त्याच्या आत वकिलांना सांगायचं होतं.

तिनं पाय पुन्हा जमिनीवर ठेवला. माझ्या उजव्या कोपरावरच्या व्रणावर बोट ठेवलं, दुखणार नाही इतक्या हळू, आणि खालच्या आवाजात विचारलं,

"मम्मी, त्या दिवशी मी खाली उतरून चालले असते, तर तुझा हात मोडला असता का?"